मृगानंतरची ताटी

लकडगंजातल्या त्या सात मजली काचेच्या इमारतीत चंद्रभान रंगारीनं उभी हयात घालवली, आणि एवढ्या वर्षांत त्याला चांगलं काही सांगायला कोणी एकदा म्हणून फोन केला नव्हता. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत भिंतीला एक फोन होता, इमारतीतल्या इमारतीत लागणारा. तो वाजला की तक्रार आली असं समजायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या हिशेबनिसाला उकडायचं आणि त्याच्याच पाठीला पाठ लावून बसणाऱ्या बाईंना हुडहुडी भरायची. एकाच छताखाली एकाला वैशाख आणि दुसऱ्याला पौष. दोघंही चंद्रभानलाच बोलायचे.

लोकांना वाटतं, एसीवाल्याचं काम म्हणजे गार करणं. गार काय, बर्फाची लादीही करते. खरं काम हवेचं. काचेच्या इमारतीला खिडक्या असतात, पण त्या उघडत नाहीत. असल्या इमारती बांधणाऱ्यांना नागपूरचा उन्हाळा कोणी दाखवलेला नसावा. आत शेकडो माणसं श्वास सोडतात आणि तीच हवा पुन्हा ओढतात. म्हणून थोडी थोडी ताजी हवा बाहेरून आत घ्यावी लागते, गाळून घ्यावी लागते. गच्चीवर त्यासाठी दारापेक्षा मोठी एक जाळी होती, जाळीमागे झडप आणि झडपेमागे गाळण्या. आसपासच्या लाकूड कापायच्या आरामशिनींचा भुसा त्या गाळण्यांवर बसायचा आणि चंद्रभान त्या दर आठवड्याला धुऊन काढायचा. त्यानं हे केलं की खाली कोणाला काही कळायचं नाही. नाही केलं की दुपारी जांभया, डोकेदुखी आणि फोन.

घरी तरी कोण होतं बोलायला? बायको प्रेमिला जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी दीप्ती बंगलोरला, रविवारी फोन करायची, बीपीची गोळी घेतली का एवढं विचारायची आणि ठेवायची. पाचपावलीतल्या दोन खोल्यांत चंद्रभान संध्याकाळी टीव्ही लावायचा, तो बघायला नाही, घरात आवाज असावा म्हणून.

त्या वर्षीचा मे महिना फारच तापला. इमारतीच्या संघाचे सचिव वसंतभाऊ स्वतः गच्चीवर आले, म्हणजे बघा. डोक्याला रुमाल गुंडाळलेला, हातात ताकाची बाटली.

"चंद्रभान, सहाव्या मजल्याचे लोक माझ्या जिवावर उठले गा. काहून थंड होत नाही?"

"बाहेरची हवाच भट्टीसारखी येऊन राहिली, भाऊ. मशीन तरी किती थंड करंल?"

"मंग बाहेरची हवा बंद करून टाक ना. आत आहे न तेवढी हवा."

"तीच ती फिरंल, भाऊ. दुपारपर्यंत लोकाइची डोकी दुखतील."

"डोकं दुखलं तर ते गोळी घेतील. गरम झालं तर मले घेतील," वसंतभाऊ म्हणाले आणि ताक पीत खाली गेले.

चंद्रभाननं झडप बंद केली नाही. तो इतवारीच्या बाजारात गेला आणि खस, म्हणजे वाळ्याची मुळं, घेऊन आला. बांबूच्या पट्ट्यांत ती पसरून, सुतळीनं आवळून त्यानं जाळीच्या मापाची ताटी बांधली, जाळीसमोर उभी केली आणि वरून भोकं पाडलेला नळ सोडला. यात काही शोध नव्हता. नागपुरात शेंबड्या पोरालाही कूलर कळतो. ओल्या खसमधून आलेली हवा निम्मी गार होऊनच मशीनकडे जाऊ लागली, सहावा मजला शांत झाला आणि वसंतभाऊंनी फोनवर "आता कसं" एवढं म्हणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन पुन्हा वाजला. चंद्रभाननं सवयीनं विचारलं, "कोणता मजला? गरम होऊन राहिलं का थंड?"

"तिसरा," एका मुलीचा आवाज. "काही नाही होऊन राहिलं, काका. हवेले खसचा वास येऊन राहिला. आमच्या भिवापूरच्या घरी दुपारी असाच येते. बरं वाटलं, म्हणून फोन केला."

तक्रारीला द्यायची उत्तरं चंद्रभानकडे पोतंभर होती. ही तक्रार नव्हती. "बरं," तो म्हणाला. मग ती ठेवेल या भीतीनं घाईघाईनं म्हणाला, "ताटी मी लावली. इतवारीतून आणली खस."

"खूप छान केलं काका. मी कामिनी. आमच्या हापिसात लोक फ्रिज बिघडला, वॉशिंग मशीन बिघडली म्हणून फोन करतात. दिवसभर शिव्या ऐकते मी. म्हटलं तुम्ही बी तेच ऐकत असान. आपल्यातल्या एखाद्याले तरी कोणी चांगलं सांगावं."

त्या दिवशी चंद्रभाननं गाळण्या गुणगुणत धुतल्या. साठीला टेकलेला माणूस गुणगुणतो तेव्हा कारण लहानच असतं.

कामिनी रोज सकाळी कामाला बसायच्या आधी फोन करू लागली. फार नाही, दोन मिनिटं. "आला वास," असं म्हणायची आणि मग काहीतरी सांगायची. ती प्रताप नगरात खोली घेऊन राहत होती, गावचीच मैत्रीण गोपिका सोबत होती, दोघी आळीपाळीनं स्वयंपाक करायच्या आणि गोपिका भाजीत तिखट घालायला भ्यायची, मिरचीच्या भिवापूरची असून. चंद्रभानही सांगायला लागला. प्रेमिला माठात खसची जुडी टाकायची हे सांगितलं. दीप्तीचं सांगितलं. या वेळेला तो टाकी बघायला जात नसे, चहाला खाली उतरत नसे. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही. तो मागच्या लोखंडी जिन्यानं यायचा, ती पुढच्या लिफ्टनं. पाहायला हवं असंही त्याला वाटलं नाही, आवाज पुरेसा होता.

मग मृग लागला.

नागपूरकरांना पंचांग बघावं लागत नाही. पहिल्या दोन दमदार सरी पडल्या की घरोघरी कूलर बंद होतात, ताट्या उखडून उकिरड्यावर जातात. ओल्या हंगामात ओली खस ठेवत नाहीत, ती सुकत नाही आणि सडते. हे चंद्रभानला ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणू नये. त्यानं पाणी बंद केलं, ताटीला हात लावला आणि हात मागे घेतला. ताटी गेली की वास जाणार. वास गेला की ती पोरगी फोन कशाला करील? उद्या काढू, असं त्यानं स्वतःला सांगितलं. त्या उद्याला पुढे आषाढही मिळाला.

पावसात खसचा वास विरत गेला. एका सकाळी फोन आला नाही. चंद्रभान दुपारपर्यंत खोलीच्या बाहेर पडला नाही, डबाही तसाच परत नेला. संध्याकाळी तो इतवारीतल्या अत्तरवाल्याकडे गेला आणि खसच्या अत्तराची कुपी घेऊन आला. सकाळी त्यानं ताटीवर बोटानं अत्तर लावलं.

"काका, काल वास गायब होता. आज आला बघा," कामिनी म्हणाली.

"पाणी कमी झालं असंल," चंद्रभान म्हणाला. त्याच्या सगळ्या नोकरीत हवेविषयी तो पहिल्यांदाच खोटं बोलला.

श्रावण आला तोवर ताटीची मागची बाजू काळी पडली होती. रांजणाच्या बुडाशी येते तशी बुळबुळीत साय धरली होती. जवळ गेलं की कुबट वास यायचा, म्हणून अत्तर जास्त. जास्त अत्तर, जास्त कुबट. आणि हे सगळं सात मजल्यांच्या छातीत जात होतं. इतरांचे फोनही वाढले होते, कोणाचे डोळे चुरचुरत, कोणाला शिंका. चंद्रभान म्हणायचा, हवा पालटली, साथ आहे. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे खाल्लं एकानं आणि खवखवत होतं दुसऱ्यांना.

कामिनीच्या आवाजात खोकला त्यानं सगळ्यांच्या आधी ऐकला. आधी एखादी ढास, मग वाक्य तुटायला लागलं. पोळ्याला ती गावी जाऊन आली. आल्या आल्या फोन केला.

"काका, गमत सांगू? गावी एकदा बी खोकली नाही. रात्रभर झोपली. इथे येऊन बसली, तर अर्ध्या घंट्यात सुरू."

चंद्रभाननं फोनची वायर बोटाला गुंडाळली. हवेचं काम करणाऱ्याला पहिल्या वर्षी जे शिकवतात ते हेच. सुटीच्या दिवशी जे दुखणं जातं आणि कामावर आलं की परततं, ते माणसाचं नसतं, इमारतीचं असतं.

"पावसाळा आहे, पोरी. कोमट पाणी पेत जा," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर तो जाळीपर्यंत गेला आणि ताटीसमोर उभा राहिला. आज काढतो, असं म्हणाला. मग वाटलं, एवढ्या माणसांत तिलाच का व्हावं, दुसरंच काही असेल. माणूस एकटा असला की स्वतःशी वाद घालतो, आणि तिथे हरवायला दुसरं कोणी नसतं. त्याच्या खिशात अत्तराची कुपी होती. त्यानं ती काढली नाही, पण ताटीही काढली नाही.

पुढचे काही दिवस फोन आला नाही. आला तेव्हा कामिनीचा आवाज बारीक झाला होता.

"दवाखान्यात होती, काका. दमा म्हणतात. पंप देला ओढायले. डॉक्टर म्हणे, तुम्ही राहता तिथे भिंतीले ओल आहे काय, बुरशी आहे काय? आमच्या खोलीत मोरीकडे थोडी ओल आहे. मी गोपिकाले म्हटलं, तूच सोडू देत नव्हती ही खोली, स्वस्त आहे म्हणून. तुझ्यापायी मले दमा लागला. खूप बोलली मी तिले. ती रडून राहिली होती." तिनं श्वास घेतला. तो श्वास चंद्रभानला शिट्टीसारखा ऐकू आला. "मी दुसरी खोली पाहून राहिली. एकटीच राहीन आता. तुम्ही राहता न एकटे, तसंच."

फोन कानाला धरून चंद्रभान दारातून ताटीकडे बघत राहिला. ती म्हणाली, "काका, आहे न?"

"आहे," तो म्हणाला. "आज काम आहे जरा. ठेवतो."

त्यानं मशीन बंद केलं आणि ताटी उपसली. सुतळ्या सडल्या होत्या, खस हातात गाळासारखी आली. पोत्यात भरून त्यानं ती लोखंडी जिन्यानं खाली नेली आणि कचऱ्याच्या गाडीत स्वतःच्या हातानं टाकली. जाळी ब्लीचनं घासली, गाळण्या बदलल्या, आतली हवेची पन्हळ हात घालून पुसली. हे सगळं करायला लागले ते दोन दिवस, आणि ते न करण्यात अख्खा पावसाळा गेला होता. मग झडप पूर्ण उघडून त्यानं बाहेरची, पावसानं धुतलेली हवा आत सोडली. तिला कसलाच वास नव्हता.

आता इथे गप्प राहता आलं असतं. खोकला आपोआप गेला असता, कोणाला काही कळलं नसतं, कामिनीला खोली बदलल्याचा गुण आला असं वाटलं असतं. फोनही आला असता, सवयीनं. पण मोरीच्या ओलीवर खापर फुटलं होतं आणि प्रताप नगरातली एक मुलगी न केलेल्या गुन्ह्यासाठी रडत होती. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, असं झालं चंद्रभानचं.

फोन वाजला. "काका, आज वास नाही हो," कामिनी म्हणाली.

"ताटी काढली," तो म्हणाला. "मृगात काढायची होती, कामिनी. सडली होती ती. मले माहीत होतं. वर अत्तर लावत होतो मी, वास राहावा म्हणून. तुझ्या छातीत ते गेलं. तुमच्या मोरीतल्या ओलीनं नाही झालं. डॉक्टरले हे सांगजो. गोपिकाले बी सांगजो."

पलीकडे हापिसातले बाकीचे आवाज ऐकू येत होते, कोणीतरी कोणाला तरी मशीनचा नंबर विचारत होतं.

"काहून केलं, काका?"

त्यानं खरं ते सांगितलं. "वास गेला तर तू फोन नाही करशील, असं वाटलं."

ती म्हणाली, "मी गोपिकाले काय काय बोलली, काका," आणि फोन ठेवला.

चंद्रभाननं वसंतभाऊंनाही सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, दोन शिव्या दिल्या आणि वर्षातून एकदा बाहेरच्या माणसाकडून हवा तपासून घ्यायचं ठरवलं. नोकरी गेली नाही. त्याला वाटलं होतं तेवढी नोकरी जाण्याची भीतीही त्याला उरली नव्हती.

दसरा गेला, दिवाळी गेली. इमारतीची हवा कधी नव्हती इतकी चांगली झाली होती. शिंका थांबल्या, डोळ्यांची चुरचुर थांबली, दुपारच्या जांभया कमी झाल्या, आणि फोन वाजेनासा झाला. कधी नव्हे ते हिशेबनिसाचंही काही म्हणणं नव्हतं. चंद्रभान सकाळी त्या वेळेला खोलीतच असायचा. पाऊणएक तास बसून मग टाकी बघायला जायचा. एकदा त्यानं फोन उचलून कानाला लावून पाहिला, बंद तर नाही पडला म्हणून. चालू होता.

थंडीत बाहेरचा तपासनीस यायचा होता. त्याआधी वसंतभाऊंनी चंद्रभानच्या हातात एक मीटर दिलं आणि प्रत्येक मजल्यावर माणसं बसलेली असताना हवा मोजून आणायला सांगितलं. रिकाम्या दालनात हवा मोजण्याला अर्थ नसतो, हे चंद्रभाननंच त्यांना आधी सांगितलं होतं. म्हणजे तिसऱ्या मजल्यावर आपल्याच पायांनी जाणं आलं.

भर दुपारी तो तिथे शिरला. छतातल्या हवेच्या झरोक्यांवरचा भुसाही पुसायचा होता, म्हणून नाकातोंडाला कापडी पट्टी बांधलेली. ओळीनं टेबलं, प्रत्येकाच्या कानाला यंत्र, सगळे एकदम बोलत होते. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही, मिस्त्रीकडे कोण पाहतं? आवाजावरून ओळखेन असं त्याला वाटलं होतं, पण तेवढ्या कालव्यात त्याला तिचा आवाज सापडेना. कोपऱ्यातल्या झरोक्याखाली त्यानं स्टूल ठेवलं. ते डुगडुगलं.

"थांबा, धरते मी," खालून कोणीतरी म्हणालं.

तीच होती. किरकोळ अंगाची, चष्मा लावलेली, केसांना साधी क्लिप. फोनवर ती त्याला उंच वाटली होती. तिनं कानाचं यंत्र गळ्यात सरकवलं आणि दोन्ही हातांनी स्टूल धरलं. चंद्रभान चढला. तिच्याच डोक्यावरून हवा येत होती. त्यानं मीटर धरलं आणि आकडा स्थिर व्हायची वाट पाहिली. तिचा श्वास ऐकायचा त्यानं प्रयत्न केला. ऐकू आला नाही, म्हणजे बरा होता.

"तुम्ही वरच्या काकांच्या हाताखाली आहे काय?" तिनं विचारलं.

चंद्रभाननं मान हलवली. होय आणि नाही यांच्यामधली.

"त्यांले एक निरोप देसान? म्हणा, तिसऱ्या मजल्याची कामिनी बरी आहे. पंप सुटला. गोपिका अन् मी एकाच खोलीत आहो." तिनं स्टूल नीट धरलं. "अन् म्हणा, फोन नाही करत ते रागानं नाही. राग होता आधी, लय होता. मंग गेला. पण आता फोन करून सांगायचं तरी काय? वास नाही, खोकला नाही, सारं बरं आहे. कारणच नाही राहिलं."

मीटरवरचा आकडा कधीचा स्थिर झाला होता. चांगला होता. निरोप घेऊन मान हलवायची आणि खाली उतरून जायचं, एवढंच करायचं होतं. जिन्यानं वर गेलं की आपलं दार, आपली खोली. चंद्रभाननं तोंडावरची पट्टी खाली ओढली.

"कारण नसलं तरी करत जा, पोरी," तो म्हणाला. "मले लय एकटं वाटते वर."

कामिनीनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तिच्या गळ्यातल्या यंत्रातून कोणीतरी केव्हापासून हॅलो हॅलो करत होतं. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही आणि स्टूलही सोडलं नाही.